मांडी घालणारा पाय

प्रिय लाफाएले दादा,

रविवारी तू फोनवर दोन गोष्टी विचारल्यास आणि एकीचंही उत्तर पुरतं ऐकून घेतलं नाहीस. बाबांच्या पदवीचं काय ठरलं, ही पहिली. आणि दुसरी, चांगला चाललेला होड्यांचा कारखाना पोरांवर सोपवून मी आठवड्यातले दोन दिवस आपियाला जाऊन लोकांचे पाय फुकट का बनवतो. फोनवर तू हसतोस, आणि तू हसलास की विषय संपतो. लहानपणापासून तुझं हे हत्यार आहे. कागदावर तुला मध्येच हसता येणार नाही, म्हणून लिहितो आहे. निवांत बसून वाच. मी ओबडधोबड लिहिणार नाही हे तुला ठाऊक आहे. ओबडधोबड मी काहीच करत नाही.

आधी पदवीचं. बाबा गेल्यापासून त्यांचा खांब रिकामा आहे. दर सोमवारी गावाची बैठक भरते, सगळे मताई, घराघराचे पदवीवाले प्रमुख, आपापल्या खांबाला पाठ टेकून मांडी घालून बसतात, आणि आपल्या खांबापाशी नुसती चटई असते. गाव थांबलं, फार थांबलं. आता मोसे काका म्हणतात की नाताळच्या आत त्या खांबाला कुणाची तरी पाठ लागलीच पाहिजे. तू थोरला, तुझा हक्क, याबद्दल घरात दुमत नाही. पण तू येत नाहीस. एकदा गोदामात माणसं कमी, एकदा तिकिटं महाग, एकदा रूतावहिनीची पाठ धरलेली. परवा काका वैतागून म्हणाले, "तो ऑकलंडचा झाला रे! त्याला आता चटई टोचते. अलापाती, तूच बस." मी त्यांना काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो.

आता पायांचं. हे जरा मुळापासून सांगावं लागेल.

मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण माझ्या शाळेत तू हजर होतास. प्रवाळाच्या कड्यावर फुटलेली ती परदेशी नौका आठवते? सगळे गावकरी तिच्यातल्या दोऱ्या, डबे, गाद्या न्यायला धावले. मी तुला म्हटलं, मला तिचं पोट हवं. तू करवत चालवलीस, दोन्ही पाय लाटेत रोवून, आणि मी कापलेल्या काठाचे थर बोटानं चाचपून बघितले. काचतंतूचा कपडा कुठे दुहेरी आहे, कुठे तिरका घातला आहे, थर जोडणारं रेझिन कुठे कमी पडलं म्हणून ती तिथेच फुटली. एका मेलेल्या होडीनं मला सगळं शिकवलं. पुढे माझ्या हातच्या शर्यतीच्या होड्यांनी बंदरात कितीदा बाजी मारली, आणि त्यातल्या पहिल्या होडीत वल्ह्यावर तू होतास. हे मी बढाई म्हणून नाही, नोंद म्हणून लिहितो.

पण होड्यांच्या मागण्या आता वर्षाला ठरावीक येतात आणि पोरं हाताशी आली आहेत. मी घरी असलो की बायकोला, फेतूला, त्रास होतो. ती म्हणाली, "तुम्ही आज तिसऱ्यांदा त्याच दाराला रंधा मारताय. दार संपेल एक दिवस. जा, कुठेतरी उपयोगी पडा." म्हणून मी सेवा करायला निघालो. आधी चर्चनं मला किनारा साफ करायला पाठवलं. मी बाटल्या, जाळी आणि दोऱ्या वेगवेगळ्या केल्या, तर ते म्हणाले की सगळं एकाच पोत्यात जायचं आहे. मग गायनात घातलं. तिथे मी सगळ्यांचे स्वर दुरुस्त करू लागलो. मग शाळेची भिंत. परदेशातून आलेली चार गोड मुलं ओल्या भिंतीवर हसत हसत रंग फासत होती. ती जेवायला गेली तेवढ्यात मी तो रंग खरवडून काढला. खाली बुरशी होती, दादा! हेडमास्तर फार सभ्य माणूस. म्हणाले, "अलापाती, तुमचे उपकार झाले, आता पुरे." फुकटचं काम म्हणजे कसंही केलेलं काम, असं लोकांना का वाटतं? मी तर उलट समजतो. विकत घेणारा माणूस तक्रार तरी करू शकतो. फुकट घेणारा बिचारा तेही करू शकत नाही. म्हणून तिथे चूक चालत नाही.

मी असा घुश्शात घरी बसलेला असताना ग्वेनबाई आली. वेलिंग्टनची, पिकल्या केसांची, काटकुळी. आयुष्यभर तिकडे कृत्रिम पाय बनवले, निवृत्त झाली, आणि आता आपियाला इस्पितळाच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत बिनपगारी तेच करते. तिचं रेझिन बंदरात उन्हात पडून पिंपातच घट्ट झालं होतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी रेझिन दिलं. तिनं पैसे विचारले नाहीत, ते कुठल्या तापमानाला किती वेळात धरतं ते विचारलं. तेव्हाच ती मला आवडली. माझ्या नव्या होडीच्या पोटावरून तळहात फिरवत ती म्हणाली, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "कड्यावर." दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसनं तिच्या खोलीत हजर झालो.

तिथे गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल तर भिंतीला ओळीनं टांगलेली पावलं. देणगीत आलेली, रबराची. सगळी गुलाबी! आपल्या माणसांच्या पायाला ती लावली की वाटे, कुणा पाहुण्याचं पाऊल उसनं आणलं आहे. दुसऱ्या खेपेला होड्यांचे रंग घेऊन गेलो आणि ज्याचा पाय त्याच्या उरलेल्या पावलाशेजारी बसून रंग मिसळला. प्रत्येकाचा वेगळा. टाचेकडे गडद, बोटांच्या पेरांवर आणखी गडद. पहिली बाई ते पाऊल मांडीवर घेऊन रडलीच. ग्वेनबाई म्हणाली, "मी इतकी वर्षं चालण्याचा विचार करत होते. दिसण्याचा विचार मी दुय्यम मानला." चूक कबूल करताना ती लांबण लावत नाही.

माझी चूक मात्र लांबलचक निघाली.

लेमाना काका तुला ठाऊकच आहेत. आपल्या घराण्याच्या वतीनं बोलण्याचा मान त्यांचा. आजोबांच्या पदवीला त्यांचे वडील बोलले, बाबांच्या पदवीला ते बोलले. गेल्या वर्षी साखरेनं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला. आपल्या गावात साखर आता अशीच घरोघर पायानं जाते. त्यांचं गोंदण तुला आठवत असेल, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गावातलं सगळ्यात देखणं. ते बरोबर गुडघ्यापाशी संपतं, आणि तिथून खाली माझं काम सुरू झालं. मी जीव ओतला. ज्या वाटीत उरलेला पाय बसतो ती वाटी मी शर्यतीच्या होडीसारखी केली, थरावर थर, बाहेरून आरशासारखी. ग्वेनबाईनं ती उचलली, हातात तोलली, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "सुंदर होडी आहे. पाण्यात सोडा. माणसाला लावू नका." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग समजलं. होडीला बाहेरून पाणी लागतं, म्हणून मी बाहेरची बाजू घासत होतो. पायाला आतून माणूस लागतो. दुसरी वाटी मी आतून घडवली. कुठे हाड आहे, तिथे सैल. कुठे मांस आहे, तिथे आधार. निम्म्या वजनाची. लेमाना काका दोन दांड्यांमधून चालले, मग दांड्या सोडून चालले, आणि खोलीतले सगळे टाळ्या वाजवू लागले. त्या दिवशी बसमध्ये मी मुद्दाम पुढे बसलो, ड्रायव्हरला सगळं सांगता यावं म्हणून.

सोमवारी काका नव्या पायानं चालत बैठकीला गेले. मी पदवीवाला नाही, मी मागे चुलीपाशी तरुणांबरोबर. पण आपल्या बैठकीच्या घराला भिंती कुठे आहेत? सगळं दिसत होतं. काका पायरी चढले, वाकून "तुलोउ, तुलोउ" अशी माफी मागत आपल्या खांबापाशी पोचले, खाली बसायला गेले, आणि मांडी पडेना. गुडघा वळला की वाटीचा मागचा काठ मांडीत रुततो, आणि घोटा ताठ असल्यामुळे पाऊल उभंच राहतं, समोरच्या मताईच्या थेट तोंडाकडे. तुला आठवतं ना, संध्याकाळच्या प्रार्थनेला तुझा पाय जरा पसरला की बाबांचा पंखा नडगीवर बसायचा? तसं ते. सगळी बैठक वर छपराकडे बघू लागली.

पुढच्या सोमवारी काकांनी पाय पायरीशी काढून ठेवला, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत, आणि हातांवर सरकत खांबापर्यंत गेले. गावाचा वक्ता, सरपटत. लोक खाली मान घालून बसले. तरी तेही निभावलं असतं. पण मोसे काकांचा तो पिवळा कुत्रा! चपला पळवायची त्याला जुनीच खोड. या वेळी त्याला त्याहून मोठं घबाड मिळालं. आवाच्या पेयाचा पहिला वाडगा फिरतो आहे, सगळे गंभीर, आणि मैदानातून कुत्रा माझा पाय तोंडात धरून धावतो आहे आणि त्याच्यामागे अर्धं गाव. मीही धावलो. पोरं हसून लोळत होती. मला हसू आलं नाही, कारण मी काकांचा चेहरा बघितला होता.

त्यानंतर ते बैठकीला गेले नाहीत. मी भेटायला गेलो तर पाय त्यांच्या चुलीच्या छपराला टांगलेला, केळीच्या घडाशेजारी. म्हणाले, "काम झकास आहे रे अलापाती. फक्त तो गोऱ्या माणसाचा पाय आहे. उभा राहतो, चालतो, खुर्चीत बसतो." मी म्हटलं, बैठकीनं तुम्हाला खुर्ची देऊ केली आहे ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. "सगळ्यांच्या डोक्यांच्या वर बसून बोलू? माझ्या बापाच्या खांबापाशी? त्यापेक्षा तोंड शिवून घेईन. आता माझ्या खांबाला कुणीतरी दुसरा बघा. आणि तुमच्या घराच्या पदवीला बोलायलाही." मग म्हणाले, "केळी पिकली आहेत, जाताना ने. पायाला धक्का लावू नकोस, कोंबडी त्याच्यावर बसते."

दादा, त्या परतीच्या बसमध्ये मी मागे बसलो. मी चटईवर जन्मलो, चटईवर जेवलो, चटईवर बापाला शेवटचं बघितलं. आणि पाय बनवताना मी त्या माणसाला उभं केलं, चालवलं, जिना चढवला, खुर्चीत बसवून उठवलं. एकदाही खाली बसवलं नाही! का, तर ग्वेनबाईच्या खोलीत खुर्च्या होत्या. खोलीत शिरताना मी चपलांबरोबर चटईही बाहेर ठेवून आलो होतो. बाईचा दोष नव्हता, तिच्या देशात लोक जमिनीवर बसत नाहीत. दोष असला तर ज्याला माहीत होतं त्याचा.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत चटई पसरली आणि ग्वेनबाईला म्हटलं, बसा. ती बसली, गुडघे कानापर्यंत, बेडकासारखी. म्हणाली, "मला माझ्या दोन चांगल्या पायांनी हे जमत नाही, आणि तुम्हाला ते रबराच्या पायाकडून हवं आहे?" मी म्हटलं, हो. तिनं विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, डुकरांच्या कुंपणाचा वाद निघाला तर दुपारपर्यंत. ती हसली नाही. तिनं पेन्सिल काढली.

वाटीचा काठ माझा मी सोडवला. मागून खाली उतरवला आणि बाहेर वळवला, होडीचा काठ हाताला लागू नये म्हणून वळवतात तसा. घोटा अवघड. बाई म्हणाली, मांडीपासून पाय गेलेल्यांसाठी फिरत्या कड्या तिकडे मिळतात, पण महाग, आणि समुद्राच्या वाळूत टिकतात की नाही देव जाणे. मी विचार करत शेडमध्ये बसलो होतो आणि हाताशी जुन्या होडीची वल्ह्याची कडी होती. वल्हं फिरतं, पण निसटत नाही. तेच! नडगीच्या नळीत एक फिरती कडी, आतल्या बाजूला स्प्रिंगची खीळ. खीळ दाबली की पाऊल आतल्या अंगाला वळतं आणि मांडीखाली सपाट निजतं. उठताना सरळ केलं की आपोआप अडकतं. कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या खाली हात घातला की कुणाला दिसतही नाही.

मी ते घेऊन उड्या मारत गेलो. बाईनं दोन बोटांनी खीळ हलवली आणि परत दिलं. "चालताना सुटली तर?" मी म्हटलं, सुटणार नाही. "समुद्रात तुम्ही म्हणालात म्हणून होडी तरंगते का?" असं बोलते ती. मग ती खीळ आम्ही वाळूत पुरली, खाऱ्या पाण्यात बुडवली, वजन टांगून आपटली, आणि मी स्वतः गुडघ्याला पट्ट्यानं तो पाय बांधून इस्पितळामागच्या उतारावरून चालत राहिलो. एकदा खरंच सुटली. मी पुढे, पाऊल मागे, आणि मी तोंडावर. बाईनं वरून विचारलं, "तरंगली का?" माझा राग एवढा मोठा की मी उठलो ते सरळ शेडमध्ये जाऊन दुहेरी खीळ करूनच थांबलो. ती आजवर सुटलेली नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करायला मिळणं, दादा, हे मला या वयापर्यंत मिळालं नव्हतं. मी नेहमी एकटाच बरोबर असायचो. त्यात मजा नाही.

लेमाना काकांना पटवायला मात्र वेळ लागला. ते पाय खाली उतरवूच देईनात. शेवटी फेतूनं नारळाच्या दुधातला भाजलेला पाला नेला, आम्ही त्यांच्या घरी चटईवर जेवायला बसलो, आणि मी नवा पाय त्यांच्या शेजारी ठेवला. जेवून झाल्यावर त्यांनी तो घातला. मांडी घातली. उठले. पुन्हा घातली. मग ओरडले, "कुत्र्याला बांधून ठेवा म्हणावं मोसेला!"

त्या सोमवारी मी चुलीपाशी होतो आणि माझ्या हातून नारळ नीट फुटेना. काका आले. वाकून "तुलोउ" म्हणत सगळ्यांसमोरून गेले, खांबापाशी पोचले, खाली टेकले. हात लावालावात गेला. आणि 'टक्'. एवढासा आवाज, पण सगळ्या घरात ऐकू आला. दोन्ही गुडघे चटईला लागले. पाऊल कुठेही नाही, कुणाकडेही नाही. कुणी काही म्हणालं नाही. आपल्याकडे असं म्हणत नाहीत. आवा फिरला. मग निघालाच तो डुकरांच्या कुंपणाचा वाद, आणि काका बोलले, जुन्या थाटात, एकेक शब्द ताणून. मला अर्धं ऐकूच आलं नाही, मी ती मांडी बघत होतो. शेवटी सगळे उठायला लागले आणि काका उठेनात. मोसे काकांनी विचारलं, "काय झालं? अडकला का?" काकांनी डावी नडगी चोळत मोठ्यानं सांगितलं, "देवानं दिलेल्याला मुंग्या आल्या आहेत. अलापातीनं दिलेला केव्हाचा तयार आहे." मग मात्र घर हसलं, दादा. खांब हलले असतील. आणि मी चुलीच्या धुराला शिव्या देत डोळे पुसले.

आता तुला उत्तर मिळालं असेल. होडी पाण्यात गेली की ती समुद्राची होते, आपण किनाऱ्यावर उरतो. हा पाय दर सोमवारी माझ्यासमोर येऊन बसतो. माझ्या हातात जे होतं ते सगळं त्यात लागलं, रंग, थर, काठ, खीळ, आणि ते करत असताना जे हातात नव्हतं तेही आलं. सवाई बेटावरून लोक येऊ लागले आहेत. एक म्हातारी चटया विणते, तिला विणताना बसायचं होतं. एक पाद्री, त्याला लोकांबरोबर जेवायला बसायचं होतं. कुणीच मला म्हणत नाही की मला पळायचं आहे. सगळ्यांना बसायचं आहे, आपल्या माणसांत.

आणि मी फोटो बारकाईनं बघतो हे तू विसरतोस. तुझ्या लेकीच्या लग्नाचे फोटो रूतावहिनीनं पाठवले. सगळे चटईवर, नवरी मध्ये, आणि तू मागे उभा, दाराला टेकून. पाहुण्यांना वाटलं असेल, बापाची लगबग. चर्चच्या फोटोत तर माझा भाऊ लांब पँटीत! बाबांनी दिलेला पांढरा लावालावा सोडून. तू, जो गोदामातून सुटल्यावर पँट आधी दारातच काढायचास.

म्हणून आता खरं लिहितो. ग्वेनबाई रेझिन मागायला आली हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीच्या दारात होतो, तो किनाऱ्यावरच्या बाटल्यांना कंटाळून नव्हे. आदल्याच आठवड्यात रूतावहिनीचा फोन आला होता. रडत नव्हती, रडण्याच्या पलीकडे गेली होती. म्हणाली, उजवा, गुडघ्याच्या खालून, आणि लाफाएलेनं मला शपथ घातली आहे की गावात कुणाला कळता कामा नये. तिच्यावर रागावू नकोस. मी तुझं गुपित आजवर फेतूलाही सांगितलेलं नाही. तिकडच्या लोकांनी तुला चांगला पाय दिला असेल, ग्वेनबाई म्हणते ते उत्तम काम करतात. तू त्याच्यावर गोदामात चालतोस, गाडी चालवतोस. पण तो चटईवर बसत नाही. म्हणून तू येत नाहीस, आणि म्हणून आपल्या बापाचा खांब रिकामा आहे. मोसे काकांना मी हे उत्तर दिलं: दादा येईल, थांबा. मला ती जागा नको आहे असं नाही; मी शोभलो असतो, आणि हे तुलाही ठाऊक आहे. पण पायापायी सुटलेल्या जागेवर मी बसणार नाही. लेमाना काकांना मी एवढंच विचारलं की थोरल्यासाठी बोलाल का. ते म्हणाले, "मांडी घालून येऊ दे, बोलतो." त्यांना काही माहीत नाही, पण म्हातारा माझ्याकडे फार वेळ बघत राहिला. माझ्या शेडमध्ये वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेली नडगी आहे, दुहेरी खीळ असलेली, खाऱ्या पाण्यातून काढलेली. पाऊल तयार आहे. माप रूतावहिनीनं तू झोपलेला असताना तुझा डावा तळवा पुठ्ठ्यावर आखून पाठवलं. रंग मी कुणाला विचारला नाही, माझ्याच पावलाशेजारी ठेवून जुळवला. आपला एकच आहे. फक्त वाटी राहिली आहे. तिचा ठसा माणूस समोर बसल्याशिवाय घेता येत नाही. तो टपालानं येत नाही आणि फोनवरून हसूनही देता येत नाही. मी प्लास्टर आणून ठेवलं आहे. शेडला दार आहे आणि आत चटई आहे. ये.

तुझाच धाकटा,
अलापाती